अल-ख्वारिज्मी : वारसांच्या हिशोबासाठी बीजगणित लिहिणारा आलिम

बीजगणिताचं पुस्तक उघडलं की वर्गातल्या निम्म्या मुलांचे चेहरे उतरतात. हा क्ष आला कुठून आणि तो शोधून करायचं काय, असं मुलं विचारतात. घरी अम्मी-अब्बाही पुष्कळदा तेच म्हणतात, की हे आयुष्यात कुठे कामाला येतं? या प्रश्नाचं उत्तर बाराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये राहिलेल्या एका माणसाच्या कामात आहे. त्यांचं नाव मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी. साधारण इ.स. ७८० ते ८५० हा त्यांचा काळ.

‘अल्जेब्रा’ हा शब्द त्यांच्या किताबच्या नावातून आला आणि ‘अल्गोरिदम’ हा शब्द खुद्द त्यांच्या नावातून. आपल्या जलशांमध्ये आणि शाळेच्या कार्यक्रमांत त्यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं, टाळ्याही पडतात. पण त्यांनी नेमकं केलं काय आणि कोणासाठी केलं, हे फार कमी घरांत माहीत असतं. ते माहीत झालं तर मुलांचा क्ष थोडा सोपा होईल, आणि आपल्या मोठ्यांनाही एका जुन्या जबाबदारीची आठवण होईल.

ख्वारिज्म ते बगदाद

ख्वारिज्म हा अरल समुद्राच्या दक्षिणेला, आमू दर्या नदीच्या खोऱ्यातला मुलूख. आज तो उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान या दोन देशांत विभागला आहे. आपल्याकडे कुणी सोलापूरकर असतं, कुणी मालेगावी, तसेच हे ख्वारिज्मी. काही इतिहासकार त्यांचा जन्म तिथलाच मानतात. काहींच्या मते घराणं तिथलं होतं आणि ते स्वतः बगदादजवळ वाढले. त्यांचं सगळं काम मात्र बगदादमध्येच झालं.

बगदाद तेव्हा नवं शहर होतं. खलीफा मन्सूर यांनी इ.स. ७६२ मध्ये दजला नदीच्या काठी ते वसवलं. चीनकडून समरकंदमार्गे आलेला कागद आठव्या शतकाच्या शेवटी बगदादमध्येच बनू लागला, आणि चामड्यावर लिहिल्या जाणाऱ्या महागड्या किताबांच्या जागी कागदाच्या किताबी बाजारात दिसू लागल्या. अल-ख्वारिज्मी लहान होते तेव्हा तख्तावर हारून रशीद होते.

हारून यांनी आपल्या हयातीतच मुलांमध्ये सत्तेची वाटणी लिहून ठेवली होती. मुलांच्या कसमा घेऊन तो करार मक्केत काबागृहात लावला होता. तरीही बापाच्या पश्चात अमीन आणि मामून या दोन भावांमध्ये लढाई पेटली. ८१२ मध्ये बगदादला वेढा पडला, तो वर्षभर चालला, शहराची नासधूस झाली आणि ८१३ मध्ये अमीन मारले गेले. म्हणजे वाटणीचा कागद असूनही भाऊ एकमेकांवर उठले. अल-ख्वारिज्मी तेव्हा तिशीत होते. त्यांच्या हयातीत हे सगळं घडलं.

मामून खलीफा झाले आणि ८१९ मध्ये बगदादला आले. त्यांना इल्मची खरीच आवड होती. ‘बैतुल हिकमा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या ग्रंथालयाभोवती मुस्लिम, ख्रिस्ती, यहुदी अशा सगळ्या विद्वानांचा राबता होता. यूनानी, फारसी आणि हिंदी ग्रंथांचे अरबीत तर्जुमे होत होते. तिथेच अल-ख्वारिज्मी काम करत होते.

हिंदचे अंक

आपल्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी, की अल-ख्वारिज्मींच्या इल्ममध्ये हिंदचाही वाटा आहे. ७७० च्या दशकात हिंदहून एक विद्वान मन्सूर यांच्या दरबारात आला, त्याच्याजवळ खगोलशास्त्राचा संस्कृत ग्रंथ होता. तो ब्रह्मगुप्तांच्या परंपरेतला होता. ब्रह्मगुप्त म्हणजे राजस्थानातल्या भीनमाळचे, त्यांनी इ.स. ६२८ मध्ये आपला मोठा सिद्धांतग्रंथ लिहिला. त्या संस्कृत ग्रंथाचा अरबीत तर्जुमा झाला, त्याला ‘सिंदहिंद’ म्हणू लागले. अल-ख्वारिज्मींनी पुढे त्याच आधारावर ग्रहताऱ्यांची कोष्टकं तयार केली.

हिंदच्या अंकांवरही त्यांनी एक किताब लिहिली. नऊ अंक आणि एक छोटं वर्तुळ, एवढ्यावर कितीही मोठी संख्या कशी लिहायची, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार कसे करायचे, हे त्यात पायरी पायरीने सांगितलं होतं. त्या वर्तुळाला अरबीत ‘सिफ्र’ म्हणजे रिकामं म्हणत. उर्दूत आपण आजही शून्याला सिफरच म्हणतो. या किताबची अरबी प्रत आता राहिलेली नाही, पण बाराव्या शतकात युरोपमध्ये झालेला लॅटिन तर्जुमा टिकला. लॅटिन लोकांनी अल-ख्वारिज्मी या नावाचं ‘अल्गोरिझ्मी’ केलं. मग पायरी पायरीने हिशोब करण्याच्या रीतीलाच ते नाव पडलं, आणि आज कॉम्प्युटर ज्या रीतीने चालतो तिला आपण अल्गोरिदम म्हणतो.

‘अल-जब्र वल-मुकाबला’

त्यांची सगळ्यात मोठी किताब म्हणजे ‘अल-किताबुल मुख्तसर फी हिसाबिल जब्र वल-मुकाबला’. ८२० च्या आसपासची ही किताब त्यांनी मामून यांना अर्पण केली. ती कोणासाठी लिहिली हे त्यांनी प्रस्तावनेतच स्पष्ट केलं आहे. लोकांना रोज लागणारा हिशोब सोपा करून द्यायचा, हा हेतू. कोणता हिशोब? मीरास, वसीयत, वाटणी, कोर्टकज्जे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणं. या यादीत पहिलं नाव मीरासचं आहे. मुलं विचारतात ना, हे कुठे कामाला येतं, त्याचं उत्तर या विषयाच्या जनकाने पहिल्याच पानांवर देऊन ठेवलंय.

आजच्या मुलांनी ही किताब पाहिली तर त्यांना ती गणिताची वाटणारच नाही. त्यात क्ष नाही, अधिक-वजा नाही, बरोबरचं चिन्ह नाही. संख्यासुद्धा अक्षरांत लिहिल्या आहेत. जी गोष्ट माहीत नाही तिला ते ‘शय’ म्हणतात, म्हणजे वस्तू, चीज. तीच आपली क्ष.

आता नावातले दोन शब्द पाहू. ‘जब्र’ म्हणजे मोडलेलं सांधणं, कमी पडलेलं भरून काढणं. मोडलेलं हाड बसवण्यालाही अरबीत जब्र म्हणतात. स्पेनमध्ये कितीतरी काळ हाडवैद्याला ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत असत. ‘मुकाबला’ म्हणजे समोरासमोर ठेवणं. उर्दूच्या जुन्या पुस्तकांत या विषयाचं नाव ‘जब्र-ओ-मुकाबला’ असंच होतं.

तराजू डोळ्यांसमोर ठेवा. समजा दहामधून एक शय वजा केली आणि जे उरलं ते चार शयच्या बरोबरीचं आहे. डाव्या पारड्यात ‘वजा शय’ ही मोडतोड आहे. ती सांधायची. डावीकडे एक शय टाकली तर उजवीकडेही एक शय टाकावी लागेल. आता डावीकडे पुरते दहा झाले आणि उजवीकडे पाच शय. एक शय दोनची. हे झालं जब्र.

आता समजा पन्नास आणि एक शय मिळून होतात वीस आणि तीन शय. दोन्ही पारड्यांत वीस आहेत, ते काढा. दोन्हींत एक शय आहे, तीही काढा. डावीकडे तीस राहिले, उजवीकडे दोन शय. एक शय पंधराची. हे झालं मुकाबला. आपली मुलं ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ असं घोकतात ना, त्याच्या मागे ही दोनच कामं आहेत. घोकणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. तराजू समजलेल्या मुलाला कळतं.

या दोन कामांनी कोणताही प्रश्न त्यांनी सहा ठरलेल्या प्रकारांपैकी एकात आणून बसवला. त्यात वर्गाचे, म्हणजे शयला शयनेच गुणण्याचे प्रश्नही येतात. एक वर्ग आणि त्याची दहा मुळं मिळून एकोणचाळीस होतात, तर मूळ किती, हा त्यांचा मशहूर सवाल. उत्तर तीन. ते तीनच का, हे त्यांनी चौरसाची आकृती काढून दाखवलं. नुसतं उत्तर सांगून ते थांबत नाहीत, कारणही दाखवतात.

मीरासचे सवाल

या किताबचा मोठा भाग वसीयत आणि मीरासच्या सवालांचा आहे. आपण सगळे जाणतो, की माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर जे उरतं ते वारसांना, असा क्रम आहे. कुरआनच्या सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से अपूर्णांकांत सांगितले आहेत : निम्मा, पाव, एक अष्टमांश, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, एक षष्ठांश. घरात पाच-सहा वारस, त्यात कोणाची वसीयत, कोणाचं कर्ज, असं झालं की हिशोब गुंतागुंतीचा होतो. काझी आणि घरचे दोघेही अडतात. अल-ख्वारिज्मींनी ती गाठ सोडवून दाखवली.

त्यांचा एक सवाल असा आहे. एक माणूस दोन मुलगे ठेवून वारला. घरात दहा दिरहम रोख आहेत. एका मुलाकडून बापाचे दहा दिरहम येणं आहे. आणि बापाने एका परक्या माणसासाठी एक तृतीयांश मालमत्तेची वसीयत केली आहे. आता प्रत्येकाला किती?

कर्जदार मुलाच्या वाट्याला जेवढं येईल तेवढंच त्याच्या कर्जातून वळतं होईल. पण वाट्याला किती येईल हे कर्जातून किती वळतं होतं यावर अवलंबून. हाच तो पेच. अल-ख्वारिज्मी त्या वळत्या रकमेला शय म्हणतात. मग मालमत्ता झाली दहा आणि एक शय. तिचा एक तृतीयांश परक्याला गेला. उरलेले दोन तृतीयांश दोन मुलांत वाटले, म्हणजे प्रत्येकाला एक तृतीयांश : तीन पूर्णांक एक तृतीयांश दिरहम आणि शयचा तिसरा भाग. कर्जदार मुलाचा हाच वाटा म्हणजे आपली शय. दोन्हीकडून शयचा तिसरा भाग काढला की दोन तृतीयांश शय बरोबर तीन पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे शय पाच. रोख दहातले पाच परक्याला, पाच दुसऱ्या मुलाला, आणि कर्जदार मुलाचे पाच त्याच्या कर्जात वळते. कोणी कोणावर आवाज चढवायची गरज नाही.

दुसरा सवाल एका बाईचा. मागे नवरा, एक मुलगा आणि तीन मुली. तिने एका परक्या व्यक्तीसाठी आपल्या मालमत्तेच्या एक अष्टमांश आणि एक सप्तमांश एवढ्याची वसीयत केली.

इथे सगळ्यात आधी एक गोष्ट तपासावी लागते. वसीयत एक तृतीयांशापेक्षा जास्त करता येत नाही. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना त्यांनी आपली बहुतेक दौलत दान करण्याची इजाजत मागितली, तेव्हा हुजूर (सल्ल.) यांनी एक तृतीयांशाचीच इजाजत दिली आणि तेही पुष्कळ आहे असं समजावलं. वारसांना लोकांपुढे हात पसरायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्याहून जास्त वसीयत असेल तर ती वारसांच्या राजीखुशीनेच चालते.

मग बाईची वसीयत चालेल का? १/८ आणि १/७ मिळून होतात १५/५६. आणि ५६ चा तिसरा भाग होतो १८ पूर्णांक २/३. पंधरा त्यापेक्षा कमी आहेत, म्हणजे वसीयत दुरुस्त. आता ५६ पैकी १५ वजा केले की वारसांसाठी ४१ उरले. मुलं असल्यामुळे नवऱ्याला पाव. बाकीच्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. त्यासाठी वारसांचे २० भाग केले : नवऱ्याला ५, मुलाला ६, प्रत्येक मुलीला ३. अपूर्णांक राहू नये म्हणून संपूर्ण मालमत्तेचे ११२० भाग धरले. परक्याला ३००, नवऱ्याला २०५, मुलाला २४६ आणि प्रत्येक मुलीला १२३. बेरीज करून पाहा, ११२० भरतात.

बरोबर नाही, पण हद्दीत

वरच्या सवालात वारसांचे हिस्से काढणं हे समीकरणाचं काम होतं, तिथे एकच उत्तर असतं. पण वसीयत चालेल का, या प्रश्नाला एकच आकडा उत्तर नसतो. एक तृतीयांशापर्यंत काहीही चालेल, त्यापुढे नाही. हद्द ठरलेली आणि हद्दीच्या आत मोकळीक. अशा गोष्टीला गणितात असमानता म्हणतात. अल-ख्वारिज्मींच्या किताबमध्ये ती वेगळी शिकवलेली नाही, पण तिला सोडवायला त्यांची तीच दोन कामं पुरतात.

एक उदाहरण घेऊ. समजा कोणा गृहस्थांची मालमत्ता १३ लाख रुपयांची आहे. कफन-दफनचा खर्च, देणी आणि बायकोचा बाकी महर मिळून ४ लाख गेले. (महर हे कर्जच आहे, हे विसरू नये.) उरले ९ लाख. त्याचा तिसरा भाग ३ लाख. त्यांची इच्छा अशी, की मदरशाला ५०,००० द्यावेत आणि वारस नसलेल्या चार यतीम मुलांना प्रत्येकी सारखी रक्कम. प्रत्येकाला जास्तीत जास्त किती देता येईल? एका मुलाची रक्कम क्ष धरू.

५०,००० + ४क्ष ≤ ३,००,०००

मधलं चिन्ह ‘पेक्षा कमी किंवा बरोबर’ असं वाचायचं. दोन्हीकडून ५०,००० काढा : ४क्ष ≤ २,५०,०००. दोन्हीकडे चारने भागा : क्ष ≤ ६२,५००. म्हणजे प्रत्येकाला साडेबासष्ट हजारांपर्यंत काहीही देता येईल. ६०,००० घालून पाहा, एकूण २,९०,००० होतात, चालतं. ७०,००० घालून पाहा, ३,३०,००० होतात, हद्द ओलांडली, वारसांच्या हक्कातले तीस हजार गेले.

आता हाच हिशोब वारसांच्या बाजूने मांडू. त्यांच्यासाठी किमान ६ लाख उरले पाहिजेत. ९ लाखांतून मदरशाचे ५०,००० गेले, ८,५०,००० राहिले. म्हणून

८,५०,००० − ४क्ष ≥ ६,००,०००

इथे बहुतेक मुलांचा पाय घसरतो. दोन्हीकडून ८,५०,००० वजा केले की −४क्ष ≥ −२,५०,००० येतं. मग ऋण चारने भागायचं आणि चिन्हाचं तोंड फिरवायचं. मुलं तोंड फिरवायचं विसरतात आणि क्ष ६२,५०० पेक्षा मोठा किंवा बरोबर असं लिहून मोकळी होतात. म्हणजे वसीयतीला खालची हद्द राहिली आणि वरची उडाली. वहीत एक मार्क जातो, पण घरात असं झालं तर वारस उपाशी राहतात.

तोंड का फिरतं? मराठीत या संख्येला ‘ऋण’ म्हणतात ते ब्रह्मगुप्तांपासून चालत आलेलं आहे. ऋण म्हणजे कर्ज. पाच रुपये दोन रुपयांपेक्षा जास्त, पण पाच रुपये कर्ज असलेला माणूस दोन रुपये कर्ज असलेल्यापेक्षा जास्त कंगाल. धनाचं ऋण झालं की क्रम उलटा होतो. एवढं मुलाला समजलं तर नियम घोकावा लागत नाही.

आणि तरीही भीती वाटत असेल तर अल-ख्वारिज्मींचा रस्ता धरावा. ते ऋण संख्या वापरतच नव्हते. जिथे ‘वजा’ दिसेल तिथे आधी जब्र करायचं. वरच्या मांडणीत दोन्हीकडे ४क्ष मिळवा :

८,५०,००० ≥ ६,००,००० + ४क्ष

आता मुकाबला. दोन्हीकडून ६,००,००० काढा : २,५०,००० ≥ ४क्ष. चारने भागा : ६२,५०० ≥ क्ष. चिन्ह एकदाही फिरवावं लागलं नाही आणि उत्तर तेच आलं. हा रस्ता घरी मुलांना जरूर करायला लावा. मोडलेलं आधी सांधा, मग तोला, हाच अल-जब्र वल-मुकाबलाचा अर्थ.

नकाशा, कोष्टकं आणि शेवट

अल-ख्वारिज्मींचं काम एवढ्यावर थांबलं नाही. ‘सूरतुल अर्ज’ या किताबमध्ये त्यांनी २४०२ ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले : शहरं, डोंगर, समुद्र, बेटं, नद्या. यूनानी विद्वान टॉलेमी यांनी भूमध्य समुद्राची लांबी फार जास्त धरली होती, ती अल-ख्वारिज्मींनी बरीच दुरुस्त केली. यहुदी लोकांच्या कॅलेंडरवरही त्यांनी किताब लिहिली. दुसऱ्याचं ज्ञान समजून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्या काळात खगोलशास्त्राबरोबर फलज्योतिषही चालत असे. इतिहासकार तबरी यांनी नोंदवलंय, की खलीफा वासिक ८४७ मध्ये आजारी पडले तेव्हा बोलावलेल्या ज्योतिषांमध्ये अल-ख्वारिज्मींचंही नाव होतं. त्या मंडळींनी ग्रह पाहून खलीफांना आणखी पन्नास वर्षांचं आयुष्य सांगितलं. वासिक दहा दिवसांत वारले. ग्रहांवरून केलेलं ते भाकीत दहा दिवस टिकलं नाही आणि तराजूवरून केलेला हिशोब बाराशे वर्षांनीही बरोबर येतो. मुलांनी यातून काय घ्यायचं ते उघड आहे.

साधारण ८५० च्या सुमारास अल-ख्वारिज्मी अल्लाहला प्यारे झाले.

किताबचा प्रवास

११४५ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी स्पेनमध्ये ‘अल-जब्र’चा लॅटिन तर्जुमा केला. त्याच शतकात टोलेडो शहरात जेरार्ड ऑफ क्रेमोना यांनीही केला. पण या दोघांनी मीरास आणि वसीयतीचे सवाल घेतलेच नाहीत. युरोपला शरियतच्या वाटणीची गरज नव्हती. त्यामुळे बीजगणित तिकडे गेलं ते आपल्या मूळ कामापासून सुटून. १८३१ मध्ये लंडनला फ्रेडरिक रोझेन यांचा इंग्रजी तर्जुमा छापला गेला, तेव्हा मीरासचा भाग पुन्हा जगासमोर आला.

चिन्हं तर फार उशिरा आली. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये वापरलं. लहान-मोठ्याची चिन्हं थॉमस हॅरियट यांच्या किताबमध्ये आली, तीही त्यांच्या मृत्यूनंतर, १६३१ मध्ये. त्याआधी कितीतरी काळ लोक बहुतेक हिशोब शब्दांतच करत होते.

इल्मची ही देवघेव हिंदुस्थानातही चालूच होती. आपल्या औरंगाबादचा बीबी का मकबरा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो उभारणारे वास्तुकार अताउल्लाह हे ताजमहालच्या उस्ताद अहमद लाहोरींचे चिरंजीव. याच अताउल्लाह यांनी १६३४ च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या संस्कृत ग्रंथाचा फारसी तर्जुमा करून शाहजहान यांना अर्पण केला. आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने मठ काढला होता, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीला आहे. म्हणजे या विषयाचे धागे आपल्या महाराष्ट्रातल्या दोन ठिकाणांशी जोडलेले आहेत.

आपल्या घरातला हिशोब

आता थोडं आपल्याबद्दल. अल-ख्वारिज्मी आमचे, असं म्हणताना त्यांच्या किताबचा जो भाग युरोपने सोडून दिला तो आपण तरी धरून ठेवलाय का? अब्बांचा इंतकाल झाला की कितीतरी घरांत बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद ठेवला जातो. लग्नात खर्च झाला ना, मग आता काय, असं म्हटलं जातं. बहीण माहेर तुटायच्या भीतीने सही करते. अम्मीचा महर तर कोणाला आठवतही नाही, आणि आठवला तरी तो कर्जाच्या रकान्यात कोणी लिहीत नाही. कुठे सगळी मालमत्ता एकाच मुलाच्या नावावर जाते आणि बाकीचे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

अल-ख्वारिज्मींच्या त्या सवालात प्रत्येक मुलीचे १२३ भाग निघाले. त्यांनी सोयीसाठी ते १२० केले नाहीत, आणि परक्याचे ३०० म्हणून वारसांवर गदाही येऊ दिली नाही. आधी हद्द तपासायची, मग हिस्से काढायचे, मग बेरीज जुळवून पाहायची. बीजगणित शिकायचं ते या सवयीसाठी.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. आठवी-नववीतलं मूल घरात असेल तर सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर कागद-पेन घेऊन बसा. एक खोटं कुटुंब मांडा : आई, वडील, दोन मुली, एक मुलगा, थोडं कर्ज, थोडी वसीयत. आधी वसीयतीची असमानता सोडवू द्या, मग प्रत्येकाचा हिस्सा काढू द्या. मुलीला सोडवायला द्या आणि मुलालाही. खरी वाटणी करायची वेळ आली तर आलिम आणि वकील दोघांनाही विचारावं, ते वेगळं. पण ज्या मुलीने स्वतःचा हिस्सा वहीत एकदा काढून पाहिलाय, तिच्यापुढे उद्या कोणी कागद ठेवला तर ती सही करण्याआधी आकडा विचारेल. आणि ज्या मुलाने बहिणीचा हिस्सा स्वतःच्या हाताने काढलाय, तो तसा कागद पुढे करायला कचरेल.